फिलूने नाव कोणाचं दिलं

१ ऑगस्ट, रविवार

सिडनीच्या या लॉकडाउनमध्ये सरकारने कालपासून नवीन काढलंय. जी माणसं घरात एकटी राहतात त्यांनी कोणा एकाचं नाव ठरवायचं. तेवढं एक माणूस त्यांच्याकडे येऊ शकतं, बसू शकतं, चहा पिऊ शकतं. बाकीच्यांना दार बंद, होतं तसंच. सिंगल्स बबल म्हणतात. बबल म्हणजे साबणाचा फुगा, इराने सांगितलं. नात माझी नऊ वर्षांची, पण या घरात मला नीट उत्तर देते ती एकटी तीच.

म्हटलं, एकच माणूस? पुढच्या आठवड्यात दुसरं नाही चालत?

"नो आजी. सेम पर्सन. यू कान्ट स्वॉप."

मग काय, प्रश्नच मिटला. माझी मैत्रीण फिलू एकटी राहते. फिलूचं माणूस मी. गुलाबी सुती साडी इस्त्री करून ठेवली. तिचं रविवारचं चर्च लॅपटॉपवर असतं, ते संपलं की फोन करेल.

संध्याकाळ झाली. चर्च एवढं लांबत नाही.

३ ऑगस्ट, मंगळवार

शेवटी मीच केला फोन. आधी गुडघे, मग थंडी, मग माझ्या सुनेचं घरून काम. सगळं बोलून झालं. मग म्हटलं, "काय गं फिले, ते बबलचं कळलं का तुला?"

"अगो बाय, सांगायचंच राहिलं. वैशालीचं नाव दिलं मी."

राहिलं म्हणे. दुधाची पिशवी आणायची राहते. हे राहतं?

वैशाली म्हणजे आमच्या भगिनी मंडळाच्या न्यू साउथ वेल्स शाखेची सेक्रेटरी. पुण्याची. पॅरामॅटाला ऑफिस, आता घरूनच. गाडी आहे, इंग्रजी आहे, गुडघे आहेत. नवरा पुण्यात अडकलाय, आईच्या आजारपणाला गेला तो विमानं बंद झाली म्हणून तिकडेच. इथून पुढे वै. एवढंच लिहीन. अख्ख्या नावाला शाई घालवणार नाही.

फिलू म्हणाली, "ती पण एकटी ना. तुझं घर भरलेलं आहे."

भरलेलं आहे खरं. तीन माणसं, तीन बंद दारं, तीन हेडफोन.

मी म्हटलं, "बरं केलंस." आणि फोन ठेवला. साडी परत कपाटात.

५ ऑगस्ट, गुरुवार

डब्यांचा दिवस. शिकायला आलेली पोरं-पोरी, हॉटेलातली कामं गेली, सरकार त्यांना विचारत नाही. मंडळ दर गुरुवारी जेवण देतं. आमटी, भात, बटाटा, पोळ्या.

मंडळात रांधायला दोघी लागतात, एकटीने कोणी करायचं नाही. जोडीण म्हणतात. सगळ्या राज्यांत हीच पद्धत. डब्यावर दोघींची नावं लावायची. सुमन–फिलोमिना. मला सुनेने मंडळात घातलं तेव्हापासून (गुरुवारी तरी घराबाहेर जाईन म्हणून घातलं, मला काय कळत नाही?) हीच जोडी. लॉकडाउन लागल्यावर मी माझ्या ओट्याशी, फिलू तिच्या. पण चिठ्ठी तीच.

आज वै. डबे न्यायला आली. डिकी उघडली. आतल्या डब्यांवर छापील चिठ्ठ्या, कोपऱ्यात फूल. फिलोमिना–वैशाली.

"मावशी, आम्हाला आता एका किचनमध्ये करता येतं ना, म्हणून..."

"सोयीचं आहे," म्हटलं.

"तुमच्या डब्यांवर काय लिहू?"

"काही नको. पोरांना आमटी हवीय, माझं नाव नकोय."

तिने मास्कमधूनच हसून मान हलवली. हसली ते डोळ्यांवरून कळतं. एवढं कळायला बबलमध्ये असावं लागत नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार

आमटी खारट झाली. एका पोराने मंडळाच्या नंबरवर लिहिलं, थँक्स आजी, अ बिट सॉल्टी बट नो वरीज. सुनेने वाचून दाखवलं. आवाज जरा जास्तच स्पष्ट होता तिचा.

मी रांधताना चाखत नाही. आई देवाचा नैवेद्य करायची, चाखायची नाही, तीच सवय मला. मीठ हाताला कळतं. हाताला नाही कळलं तर फिलूला कळायचं. तिला कसला नैवेद्य न् कसलं काय, सरळ पळीतून तळहातावर घ्यायची, चाटायची आणि म्हणायची, "सुमे, मेलेल्या नवऱ्यावर अजून किती राग काढशील?" मग मी पाणी वाढवायची. अशी ठरायची आमची आमटी.

काल त्या चिठ्ठ्यांचं मनात घोळत होतं. नाही, चिठ्ठ्या नंतर पाहिल्या. आधी नुसतं त्या दोघी एका ओट्याशी उभ्या दिसत होत्या. मीठ दोनदा पडलं असणार.

वै.चा फोन. गोड आवाज. "मावशी, पुढच्या वेळी जरा चाखून पाहाल का?"

म्हटलं, "तू कशाला आहेस? तूच चाटत बस."

ठेवला.

८ ऑगस्ट, रविवार

आज सगळ्या राज्यांची मिळून झूमवर मीटिंग. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन. भगिनींनो म्यूट करा, भगिनींनो अनम्यूट करा. व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्नकडच्या, बाईने त्यांनी किती डबे केले ते दोनदा सांगितलं. जेवायला घालतायत का मॅच खेळतायत.

आणि फिलू आणि वै. एका चौकोनात. बाकी आम्ही सगळ्या एकेका चौकोनात, त्या दोघी एकात. खांद्याला खांदा. फिलूने तो राखाडी स्वेटर घातलेला, जो मी विणला. मानेशी घट्ट होतो म्हणून घालत नव्हती कधी. आता नाही होत घट्ट?

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकची एक म्हणाली, "किती गोड जोडी दिसते हो!"

मी बटण दाबलं. चुकून नाही, नीट बघून दाबलं. म्हटलं, "गोड असणारच. नवरा घरी नाही, मग दुसरीचं माणूस धरलंय तिने."

ब्रिस्बेनकडची एक फिस्सकन हसली आणि मग खोकल्याचं नाटक केलं. वै. खाली बघत होती. फिलूने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्याकडे, आणि चौकोन काळा झाला.

नितीन आतून आला. "आई, काय बोललीस हे?"

"जे दिसलं ते."

"सॉरी म्हण तिला."

म्हटलं, तुझ्या बायकोला म्हण, सवय आहे तुला.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

फिलू फोन उचलत नाही. काल डबे न्यायला वै. आली नाही, दुसऱ्या कोणाला पाठवलं. आमटी कशी झाली माहीत नाही. कोणी लिहिलं नाही. लिहायची भीती वाटली असेल.

इरा विचारते, "आजी, आर यू फायटिंग विथ फिलू आजी?"

म्हटलं, फायटिंगला समोर माणूस लागतं.

२५ ऑगस्ट, बुधवार

आता रात्री बाहेर पडायला पण बंदी. आमच्या इकडच्या भागांनाच. समुद्राकडचे लोक वाळूत पाय पसरून बसलेत, टीव्हीवर दाखवतात.

व्यायामाला म्हणून निघाले. व्यायामाला परवानगी आहे. कोणत्या रस्त्याने करायचा हे सरकारने सांगितलेलं नाही. फिलूच्या रस्त्याने केला. समोरच्या फुटपाथवरून. एका घराच्या झाडावरून मॅगपाय डोक्यावर आला, चोच मारायला. छत्री उघडून फिरवली. बाजूचा गोरा म्हातारा ओरडला, "केअरफुल लव्ह!" या देशात लव्ह म्हणायला ओळख लागत नाही.

वै.ची गाडी दारात. गॅरेज अर्धं उघडं. आत खोके. मोठे, पट्टी लावलेले, एकावर एक. वै. अजून एक उचलून ठेवत होती.

म्हणजे राहायला येतेय. सामान आणून टाकलं पण. आधी एक नाव, मग एक चौकोन, आता एक घर. भाडं वाचतं, स्वयंपाक आयता. फिलू भोळी आहे. भोळी नाही, लबाड आहे. मला का नाही विचारलं कधी राहतेस का म्हणून? मी नाही म्हटलं असतं, ती गोष्ट वेगळी. विचारायचं तरी.

२६ ऑगस्ट, गुरुवार

आमटी केली, भात केला, डबे दारात ठेवले आणि सरळ फिलूकडे. गाडी नव्हती. कुंपणाबाहेर उभी राहिले, मास्क लावून, आणि हाक मारली. बेल नाही वाजवली. बेल बबलवाल्यांसाठी.

फिलू बाहेर आली. वाळली आहे.

म्हटलं, "कधी येतेय राहायला तुझी भगिनी?"

"कोण राहायला?"

"ते खोके कोणाचे मग?"

तिने गॅरेजकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "माझे. आत येत नाहीयेत सुमे, बाहेर चाललेत."

शेरॉन, तिची मुलगी, पॉइंट कुकला असते. तिच्याकडे चालली. राज्यांची बॉर्डर उघडली की. कायमची. हे घर सोडणार. मार्चपासून ठरलंय.

मार्चपासून. आणि लॉकडाउन लागेपर्यंत दर गुरुवारी माझ्याशेजारी उभी राहून कांदे चिरत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"तेच ना."

मग तीच पुढे बोलली. "पायऱ्यांवर दोनदा पडले मी, बाय. शेरॉनला आता झोप लागत नाही. घर आवरायला कोणी पाहिजे होतं. वैशाली येते, खोके भरते, पट्टी लावते, गप्प बसते. तू प्रत्येक वाटीला भांडली असतीस. ही का नेतेस, ती का टाकतेस. मला निघवलं नसतं."

"आणि झूमवर जे बोललीस," म्हणाली, "ते मला बोलायचं होतंस. तिला नाही."

मी म्हटलं, "तुझा चौकोन काळा झाला होता."

हसली असेल. मास्क होता. तिचं डोळ्यांवरून कळत नाही, चष्मा जाड आहे.

घरी आले. सुनेने विचारलं, एवढा वेळ? म्हटलं, व्यायाम झाला.

५ सप्टेंबर, रविवार

फादर्स डे. इराने बापाला टोस्ट जाळून दिला.

परत झूम. फिलूने सगळ्यांना सांगितलं. व्हिक्टोरियावाल्यांना नुसता आनंदाचा उमाळा. वेलकम वेलकम फिलूताई. अजून इथून निघाली नाही आणि तिकडे जोडीण ठरवून पण मोकळ्या. मीनल नावाची कोणी. "आमची मीनल गातेसुद्धा!" ती लगेच दोन ओळी गायली. सगळ्या टाळ्यांची चित्रं टाकतायत.

मी बटण दाबलं. सगळ्या एकदम ताठ बसल्या, दिसलं मला.

विचारलं, "चाखते का?"

"काय?" मीनल म्हणाली.

"काही नाही. गा तू."

आज वै. तिच्या घरून, एकटी चौकोनात. तिने टाळ्या टाकल्या नाहीत. नोंद घेतली.

२३ सप्टेंबर, गुरुवार

वै. स्वतः आली डबे न्यायला. डिकी बंद केली पण निघेना. मी दारात, ती गेटशी.

"मावशी, त्या दिवशी झूमवर बोललात ना..."

"बोलले."

"खरं होतं ते." गाडीच्या किल्लीशी चाळा करत होती. "घरी कोणी नाही म्हणून धरलं मी त्यांना. सहा वाजता काम संपायचं आणि मी लॅपटॉपसमोरच बसून राहायचे. फिलूताईंनी नाव दिलं तेव्हा गाडीत बसून रडले. आता त्याही चालल्या."

मला आवडलं नाही तिचं हे बोलणं. भांडायला काही ठेवलं नाही तिने.

म्हटलं, "नवऱ्याचं तिकीट कधीचं?"

"डिसेंबर म्हणतात. मागच्या डिसेंबरलाही म्हणत होते."

म्हटलं, "आज मीठ बरोबर असेल. घातलंय बेतानेच."

गेली. आत आल्यावर नितीन म्हणाला, सॉरी म्हणालीस ना शेवटी? तो कोणत्या खिडकीतून ऐकतो कोण जाणे. म्हटलं, मिठाबद्दल बोलत होते.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

उघडलं. ज्यांनी दोन्ही सुया घेतल्या त्यांना एकमेकांकडे जाता येतं. बबल फुटला. मी सकाळीच गेले. बेल वाजवली.

फिलूकडे आता घर असं नाही, नुसता ओटा आणि दोन खुर्च्या. भिंतीवर येशूच्या तसबिरीची चौकोनी खूण. वै. आधीपासून होती. खुर्च्या दोन, म्हणून ती खोक्यावर बसली. मी तिला ऊठ म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

मोठं पातेलं बाहेर ठेवलेलं. गुरुवारचं. फिलू म्हणाली, हे नेते मी, तिकडे आमटी करायला.

म्हटलं, "पातेलं शाखेचं आहे."

"मी घासलंय इतकी वर्षं."

"मी ढवळलंय. न्यू साउथ वेल्सचं आहे, इथेच राहील. त्या गाणारीला सांग, नवीन घे."

"सुमे, पातेल्यावर भांडतेस?"

"मग कशावर भांडू?"

वै. खोक्याची पट्टी नखाने सोलत होती. मग फिलू उठली, पातेलं उचललं, तिला झेपत नाही आता, अर्ध्यातच वाकली. मी धरायला गेले आणि वै. पण गेली. तिघींच्या हातात पातेलं, आणि कोणीच सोडेना.

शेवटी वै. म्हणाली, "गॅसवरच ठेवूया का? परवा गुरुवार आहे."

१४ ऑक्टोबर, गुरुवार

तिघींनी केलं. ओटा लहान, कोपर कोपराला लागत होतं. वै.ची पोळी बरी असते. कडा जाड ठेवते, पुण्याची असून. तसं सांगितलं. तिने लाटणं ठेवलं, परत उचललं.

फिलूने तळहातावर आमटी घेतली. चाटली. नवऱ्याचं काही काढलं नाही.

"काय गं?"

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणजे?"

"म्हणजे बरोबर आहे, सुमे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं मुद्दाम म्हणतेय. पळी हिसकावून घ्यावीशी वाटली.

चिठ्ठ्यांवर तीन नावं मावेनात. वै.ने फूल काढून टाकलं.

७ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या. सून म्हणते, हवा दमट आहे. हवेला काय धाड भरलीय, तेल तापलं नव्हतं.

बॉर्डर उघडली. फिलूचं सामान ट्रकने पुढे गेलं. पातेलं माझ्याकडे. गॅरेजमध्ये नितीनच्या सायकलीमागे उभं केलंय. फिलूने परवा स्वतः घासून दिलं, मग मी परत घासलं. तिने पाहिलं.

मीनलने फिलूला व्हिडिओ पाठवलाय, तिचं किचन दाखवणारा. फिलू मला दाखवत होती. मोठ्ठा ओटा, दोन सिंक. म्हटलं, छान आहे, नाचता येईल.

९ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी निघणार. वै. गाडीने सोडणार पॉइंट कुकला.

फिलूचा सकाळी फोन. "तू पण चल."

"मी कशाला?"

"सोडायला. दोन दिवस शेरॉनकडे राहा, तिला सांगितलंय मी. मग वैशालीबरोबर परत ये."

"गुडघा?"

"तो पण आण."

"पुढे कोण बसणार?"

"मी. तू पुढे बसलीस तर तिला गाडी चालवायला शिकवशील."

म्हटलं, सांगते.

इराला नकाशा काढायला लावला. एकच रस्ता, सरळ खाली, पूर्ण दिवस लागतो. मध्ये काय आहे विचारलं. "नथिंग रिअली. शीप."

जाताना तिघी. तो दिवस जाईल कसातरी, फिलू झोपेल, मी तिच्या मानेकडे बघत बसेन, स्वेटर घट्ट होतोय का ते. त्या मीनलला पण एकदा डोळ्यांनी पाहून घेता येईल. पण येताना मी आणि वै. तेवढाच रस्ता, तीच मेंढरं, आणि पुढची सीट रिकामी. तिथे बसावं लागेल मला. मागे बसले तर ती ड्रायव्हर दिसेल.

नितीन म्हणतो जा. सून फारच लगेच जा म्हणाली.

वै.चा मेसेज दुपारी. मावशी, प्रवासात तुम्हाला खायला काय चालतं?

वाचलं की तिला तिकडे दोन निळ्या खुणा दिसतात म्हणे. दिसू देत. संध्याकाळ झाली, अजून काही लिहिलेलं नाही.